वाकळेचं पोट

कोल्हापुरातली थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. पण त्या चार दिवसांसाठी अकबर मोहल्ल्यातली नजीरा वर्षभर वाकळा शिवायची. नवरा बाबालाल पिंजारी. पुढच्या अंगाला त्याचं गाद्यांचं दुकान, तिथं दिवसभर कापूस उडायचा आणि त्याच्या भुवयांवर बसायचा. मागच्या खोलीत नजीराचा पसारा. बायका बोचकी घेऊन यायच्या, फाटकी लुगडी, विटलेले सदरे, पोरांचे आखूड झालेले झगे. नजीरा ते सगळं जमिनीवर ओतायची, जरा वेळ नुसती बघत बसायची, आणि मग हात चालू व्हायचा. कुठला तुकडा कुणाशेजारी बसवायचा हे कसं कळतं म्हणून कुणी विचारलं, तर म्हणायची, "मला काय ठावं? त्येंचं त्येच शेजारी निवडत्यात."

अशा या हाताला चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत कुलूप लागलं.

कारण शोधायला लांब जायला नको. तिची एकुलती एक मुलगी मलिका गडहिंग्लजला दिलेली. जावई लालासाब एस.टी.त कंडक्टर. मलिकाला दोन बाळं झाली आणि दोन्ही तीन महिन्यांच्या आत गेली. आजार म्हणावा तर ताप नाही, खोकला नाही. दूध प्यायची, पण ते अंगाला लागायचं नाही. दिवसेंदिवस वाळत गेली. डॉक्टरांनी बाटल्या दिल्या, मौलवींनी ताईत दिले, पण कुणालाच काही कळलं नाही. दोन्ही बाळांच्या अंगाखाली नजीराच्या हातचं दुपटं होतं. नातवंडाचं पहिलं दुपटं आईच्या आईनं शिवायचं, ही रीतच. दुसऱ्या खेपेला विहीणबाईंनी ते धुऊन, घडी घालून परत पाठवलं. तोंडानं एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

मोहल्ल्यानं मात्र बोलायचं ते बोलून घेतलं. नजीराच्या वाकळेत बरकत नाही म्हणे. ज्या बायका तिच्या दारात बोचकी घेऊन ताटकळायच्या, त्या आता बोळाच्या दुसऱ्या बाजूनं जायच्या.

आणि मलिका तिसऱ्यांदा पोटुशी राहून माहेरी आली होती. तिचं एकच पालुपद. "अम्मा, दुपटं शिव की."

"दुसऱ्या कुणाकडनं तरी शिवून घिऊया."

"मग लोकांचं खरं हुईल. तुझ्याच हातचं पायजे."

नजीरा तुकडे पसरून बसायची आणि तुकडे तिच्याकडे परक्यासारखे बघायचे. लाल पिवळ्याशेजारी ठेवला की वाईट, निळ्याशेजारी ठेवला की त्याहून वाईट. सुईत दोरा ओवावा, तर हात मांडीवर पडून राही. तीस वर्षं जे न शिकवता येत होतं ते आता आठवूनही येईना. एकदा तर ती चिडून सगळं बोचकं चुलीत घालायला निघाली, मलिकानं हात धरला म्हणून राहिलं.

शेवटी तिनं ठरवलं, सुचू दे नाहीतर न सुचू दे. शिवण म्हणजे शेवटी टाक्यापुढं टाका. ट्रंकेतून तिनं आपल्या मेलेल्या आईचं, शहाजादीचं, हिरवं लुगडं काढलं. धुऊन धुऊन ते लोण्यासारखं मऊ झालेलं. त्याचा एक चौकोन कापून मधोमध ठेवला. वाकळेच्या या मधल्या चौकोनाला पोट म्हणतात. तो तिनं चारी बाजूंनी धावदोऱ्यानं शिवला आणि नळाला पाणी आलं म्हणून उठली.

घागर ठेवून आली, तर पोट एका बाजूनं उघडं.

दोरा तुटला नव्हता, कुणी कापलाही नव्हता. अख्खाच्या अख्खा निघून शेजारी पडला होता. नजीरानं आधी उंदराला शिव्या घातल्या, मग दोरा विकणाऱ्या दुकानदाराला. अंगात येणं, भूतबाधा असल्या गोष्टींना ती कधी भीक घालत नसे. तिनं दोरा दुहेरी करून पुन्हा शिवलं. मलिका बाजूला कुशीवर झोपली होती. नजीरा तिथंच बसून राहिली, आणि दूध आल्याची हाक आली तेव्हा भांडं धरण्यापुरती दारात गेली.

परत आली तर पुन्हा तेच. या वेळी तिनं दोरा उचलला. ओला होता. कापडाची कडही ओली, चुरगळलेली, तान्ह्या पोरानं पदर चोखत पडावं आणि मग सोडून द्यावा तशी. तिनं ती नाकाशी नेली. आंबूस दुधाचा वास.

मागोमाग दूधवाल्या धोंडुबाई आत आल्या. शेजारच्या गल्लीत त्यांच्या म्हशी, आणि शहाजादीची नि त्यांची जुनी मैत्री. दोघी एकत्र बसून वाकळा शिवायच्या. धोंडुबाईंनी उघड्या चौकोनाकडे बघितलं.

"पोट उपाशी ठेवलंस व्हय गं?"

नजीराला ते माहीत होतं. तान्ह्याच्या दुपट्याच्या पोटात घास घालून मगच ते बंद करायचं, असं तिची आई करायची. मोठ्यांच्या वाकळेला त्याची गरज नसते. पण मलिकाच्या पहिल्या वेळी लालासाब हसले होते, "कापडात अन्न घातल्यावर मुंग्या लागतील, उंदरं येतील, अम्मा." जावयाचं बोलणं, त्यात शिकलेलं. आणि खरं तर तिलाही ते पटलं होतं. दोन्ही दुपट्यांची पोटं तिनं रिकामीच शिवली होती.

हे तिनं धोंडुबाईंना सांगितलं नाही. टोपलीतून भाकरीचा तुकडा काढला, पोटात ठेवला, शिवला. म्हातारीला दारापर्यंत सोडून मागं वळली, तर तुकडा जमिनीवर. कोरडा, जसाच्या तसा. पोट उघडं.

धोंडुबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "शिळा तुकडा भिकारीबी घेत न्हाई, पोरी. शहाजादीनं मलिकाच्या दुपट्यात तोंडातला घास घातलता. अर्धा चावल्याला. मी म्होरंच बसलोतो."

"मग?"

"मग काय? मलिका कशी गुटगुटीत झाली, बघिटलंस की."

दुसऱ्या दिवशी दुपारी नजीरा जेवायला बसली. दुधात भाकरी कुस्करली, पहिला घास तोंडात घातला, चावला, आणि भूक लागलेली असताना तो बाहेर काढला.  घास हिरव्या चौकोनाखाली ठेवून तिनं पोट शिवलं. समोर बसून राहिली. टाके हलले नाहीत.

आणि मग हात सुटला. लाल तुकडा उचलला तो जाऊन बसला, त्याच्याशेजारी निळा, मग बाबालालच्या लग्नातल्या सदऱ्याची पिवळी पट्टी. नजीराला नुसतं पाठोपाठ जायचं होतं. दिवेलागणीला बाबालाल दुकान बंद करून आत आला आणि दारातच उभा राहिला. बायकोचं कौतुक करायची त्याला सवय नव्हती.

"असलं कधी शिवलं न्हवतंस," तो म्हणाला.

मलिका रडली. नजीराही रडली, बऱ्याच दिवसांनी सुखानं. दोघींनी मिळून पोटभर जेवायचं ठरवलं. नजीरा जेवली, ताट धुतलं, आणि चुलीपाशी उभी असताना तिच्या लक्षात आलं की आपण जेवलोच नाही असं पोट सांगतंय.

फाल्गुनात मुलगा झाला. नाव चमन ठेवलं. दुपट्यावर ठेवल्यापासून पोरगं रडेचना. अंगावर घेतलं तर दोन घोट प्यायचं, नाही घेतलं तरी तक्रार नाही. आणि तरी असं बाळसं धरलं की मनगटाला वळ्या पडल्या. तीन महिने झाले, चार झाले, पोरगं गडहिंग्लजच्या घरात लोळत होतं. विहीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "आमच्या घरचं हाडच तसलं." दुपट्याचं नाव कुणी काढलं नाही. नजीराला ते लागलं, पण नातू जगला होता. मानपान काय, चुलीत घाला.

इकडे नजीरा खात होती. खाऊन उठली की पुन्हा भूक. आणि खाऊन खाऊन वाळत होती. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. बाबालालनं आधी थट्टा केली, मग डॉक्टरला दाखवलं, मग एक दिवस भाकरीची टोपली वरच्या खुंटीला अडकवली. ती खुंटी नजीराच्या ओळखीची होती. मलिका लहान असताना तिनं स्वतः तिथंच टोपली अडकवली होती, शहाजादीचा हात पोचू नये म्हणून.

सप्टेंबरात रमजान लागला. नजीरानं उभ्या आयुष्यात रोजा चुकवला नव्हता. यंदा कसं निभेल याची धास्ती होती. पण गंमत अशी, की पहिल्या रोज्याला तिला भूक लागलीच नाही. सकाळ गेली, दुपार गेली, पोट शांत. कितीतरी महिन्यांनी शांत. अल्लाची मेहेर म्हणून तिनं डोळे पुसले आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर रोजा सोडला.

दुसऱ्या रोज्याला, बांग व्हायला अजून तासभर होता, तेव्हा लालासाब दारात आले. अंगावर खाकी, खांद्याला तिकिटांची पेटी तशीच.

"काल सकाळपासनं पोरगं निपचित पडलं," ते म्हणाले. "हात उचलंना, डोळं उघडंना. दवाखान्यात न्हेलं, डॉक्टर म्हणले, काय कळत न्हाई. सांजची बांग झाली आन् डोळं उघडून हसाय लागलं, काय झालंच न्हाई असं."

"मग झालं की," बाबालाल म्हणाला. "वारं गेलं असंल अंगावरनं."

"आज सकाळपासनं परत तसंच हाय, मामा. ड्यूटी होती म्हणून यावं लागलं. आल्याव हितल्या डेपोतनं फोन लावला. शेजारच्या किराणा दुकानात हाय फोन." "श्वास लई बारीक झालाय म्हणत्यात."

नजीरासमोर चटईवर खजूर मांडले होते. पाण्याचा तांब्या होता.

तिला आई आठवली. सुकलेली, हाडाहाडाची, दाराआड बसून भर रमजानात भाकरी खाणारी. मोहल्ला तिच्यावर थुंकायचा, आणि मोहल्ल्याबरोबर नजीराही मान खाली घालायची. ‘किती खाशील गं?’ असं ओरडली होती ती आईवर. शहाजादी गेली तेव्हा मलिका चार वर्षांची होती. मय्यत उचलली, लोक परतले, आणि पोरीनं नजीराचा पदर ओढला. आयुष्यात पहिल्यांदा ती म्हणाली होती, "अम्मा, भूक."

नजीरा उठली.

स्टूल ओढलं. त्यावर चढली. टोपली काढली.

"नजीरा!" बाबालाल ओरडला. "बांग व्हायचीय!"

तिनं भाकरी मोडली.

"जावयासमोर? अगं, लाज हाय का न्हाई?"

तिनं घास तोंडात घातला आणि चावला. पोटात गेला की न गेला, तिला कळलं नाही. दुसरा घास घातला. तिसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खात होती.

लालासाबनी मान वळवली.

"आईवर गेलीस," बाबालाल म्हणाला. त्यानंतर तिच्याशी तो बरेच दिवस बोलला नाही.

रात्री किराणा दुकानातून निरोप आला. पोरगं दिवस मावळायच्या आधीच शुद्धीवर आलं होतं.

मग नजीरा रोज दुपारी खायला लागली, दार लावून, चुलीच्या कोपऱ्यात. वासावरून मोहल्ल्याला कळायचं ते कळलंच. ज्या दोन-चार बायका अजून बोचकी आणत होत्या त्यांनीही ती परत नेली. काय सांगणार होती ती? हात तर असा चालत होता की जसा कधी चालला नव्हता, आणि शिवायला एक चिंधी कुणी देत नव्हतं. मलिकाला तिनं काही सांगितलं नाही. दुपटं उसवायचं एकदा मनात आलं होतं. ते पोट उघडल्यावर आत काय दिसेल या विचारानं नव्हे, काहीच दिसणार नाही या विचारानं तिनं तो नाद सोडला.

ईद तोंडावर आली तेव्हा लालासाब पुन्हा येऊन गेले. आता ते सासूच्या नजरेला नजर देत नव्हते, पण खुशाली सांगितली.

"चमनला दात आलं. खालचं दोन. सारखं दुपट्याचं टोक तोंडात घिऊन बसतंय."

ते गेल्यावर नजीरानं दार लावून घेतलं. पीठ मळलं. पहिली भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी लावलं, उलटली, निखाऱ्यावर फुगवली. टोपलीत ठेवली. वाफ जात होती. पोटात ओळखीची ओढ उठली, नेहमीपेक्षा मोठी, आणि ती भाकरीकडे वळली.

भाकरीची कड तुटली होती. नखाएवढाच तुकडा गेला होता. चपट्या चंद्रकोरीसारखी खाच, आणि तिच्या आतल्या कडेला, मऊ पांढऱ्या पिठात, शेजारी शेजारी उमटलेल्या दोन बारीक दातांच्या खुणा.

दुकानातून कापूस पिंजल्याचा आवाज येत होता. नजीरानं ती भाकरी पदराखाली झाकली आणि दुसरीसाठी परातीत पीठ घेतलं, या वेळी जरा जास्त.