पहिला रकाना

ठरलेल्या थांब्याखेरीज बस थांबवू नये, हा नियम ज्याने स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून आगाराच्या भिंतीवर लावला होता, तोच गृहस्थ त्या संध्याकाळी भुरभुरत्या पावसात, बगलेत फाइल आणि हातात उलटी झालेली छत्री घेऊन सात नंबरच्या बसमागे धावत होता; आणि बस थांबली.

"चढा लवकर, साहेब. उशीर होतोय."

तो धापा टाकीत पहिल्या बाकावर बसला. आभार मानून होताच म्हणाला, "पण नियमाप्रमाणे तुम्ही इथे थांबायला नको होतं."

"असं?" आरशातून दोन टपोरे डोळे त्याच्यावर स्थिरावले. "मग... दार उघडू? उतरता?"

"नको, नको!"

"बरं. मग नियम आणि तुम्ही, दोघंही नीट बसा."

तो आगारातला तक्रार-कारकून. कर्मचाऱ्यांच्या तक्रारींचा छापील अर्ज त्यानेच रचला होता, आणि त्यातला प्रत्येक स्वल्पविराम त्याला पाठ होता. ती सातची चालक. तिचे आजोबा दूरच्या खंडातून जहाजाने या शहरात आले. नातीकडे त्यांचा गडद काळा वर्ण आला, दाट कुरळे केस आले, आणि 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' हा प्रश्नही वारशानेच आला.

पुढच्याच आठवड्यात ती त्याच्या खिडकीशी उभी राहिली.

"एक गृहस्थ चढता चढता मला बघून खाली उतरले. म्हणाले, 'माणसाची बस येईपर्यंत थांबतो.'"

त्याने अर्ज पुढे केला. पहिला रकाना असा होता: 'हा प्रसंग उद्भवावा असे आपण आधी काय केले?' तिने क्षणभर विचार केला आणि लिहिले, 'श्वास घेत होते.'

"असं नाही चालत हो."

"का? खोटं आहे?"

"खोटं नाही, पण... प्रत्येक कार्याला कारण असतं. म्हणून कारण आधी विचारलंय."

"मग ते त्या गृहस्थांना विचारा ना. त्यांच्याकडे असेल."

येथे त्याने गप्प बसायला हवे होते. परंतु सद्हेतूने बोलणारा माणूस सहसा गप्प बसत नाही. तो म्हणाला, "राग मानू नका, पण तुमचा चेहरा जरा गंभीर दिसतो. चढणाऱ्याकडे बघून थोडं हसलात, तर—"

"तर मी माणूस दिसेन?" तिने शांतपणे पेनाला टोपण लावले. "बघते हसून, रकानेसाहेब."

हे नाव त्याला चिकटले. आणि त्याहून आश्चर्य म्हणजे, आवडले. त्या दिवसापासून तो सातने घरी जाऊ लागला. घरी आत्याला त्याने सांगितले, की सातला गर्दी कमी असते. ते धादांत असत्य होते.

"तुमचं घर तीन नंबरवर ना?" एकदा तिने आरशातूनच विचारले.

"हो. पण सात... ऐसपैस आहे."

"ऐसपैस? उभे आहात तुम्ही, रकानेसाहेब."

कान लाल होईपर्यंत तो हसला. उभ्या उभ्या तो तिचे काम पाही. काठी टेकीत आलेली म्हातारी बसल्याशिवाय तिचा पाय ब्रेकवरून उठत नसे. फुलवालीची काठोकाठ भरलेली बादली सातमधून जाई, आणि वळणावरही तिच्यातले पाणी सांडत नसे. इतके निर्दोष गद्य आपण आजवर लिहिलेले नाही, असे त्याला वाटे.

मग दुसरी तक्रार आली. पहिल्या रकान्यात लिहिले होते, 'हसले होते. कार्यालयाच्या सल्ल्यावरून.' आणि खाली: 'प्रवासी म्हणाला, दात काय काढतेस, आलीस तिथे परत जा.'

त्याने ते दोनदा वाचले. मान वर करण्याचे धैर्य होईना.

"तिसऱ्या तक्रारीनंतर म्हणे सात काढून घेतात आणि बस धुवायला पाठवतात," ती म्हणाली. "'सतत वाद ओढवून घेणारा कर्मचारी'... अर्जातलं हे कलम घोटीव आहे. कुणाचं हो?"

"...माझं."

तिने पेन खिशाला अडकवले आणि ती सातकडे चालू लागली. रागावली असती, तर बरे झाले असते.

तिसरा प्रसंग त्याच्या देखत घडला. पहिल्या बाकावर, त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीला तिच्या आईने दंडाला धरून उठवले. "मागं चल. हिच्या इतकं जवळ नाही बसायचं." सगळ्यांनी ऐकले. कोणी बोलले नाही, तोही नाही. तिने आरशात पाहिले, ती मुलगी मागे नीट बसेपर्यंत वाट पाहिली, आणि मगच गाडी हलवली.

शेवटच्या थांब्यावर त्याने विचारले, "अर्ज...?"

"तिसरा होईल तो. याच रस्त्यानं मी शाळेत चालत जायचे. कुठल्या थांब्यावर कुणाला चढायला वेळ लागतो, मला ठाऊक आहे. सात सोडून मी कुठं जाणार नाही. मग गिळायचं."

घरी आत्याने सगळे ऐकून घेतले आणि ती हळहळली. "वाईट झालं रे. पण तिनंही जरा नमतं घ्यावं की नाही?"

वाद घालणे हा त्याचा स्वभाव. तोंड उघडले, आणि त्याच्या ध्यानात आले, की हे वाक्य आपलेच आहे. आपण ते केवळ छापून घेतले आहे. प्रश्नांचा क्रम हाही एक निवाडाच असतो, आणि तो निवाडा त्याने चार वर्षांपूर्वी अर्ज रचतानाच देऊन ठेवला होता.

"आत्या," तो म्हणाला, "श्वास घेताना नमतं कसं घ्यायचं?"



दुसऱ्या दिवशी सातच्या शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. तो दुसऱ्या बाकावर बसून राहिला.

"उतरायचं नाही?"

त्याने फाइल उघडली. वर नव्या अर्जाचा मसुदा होता: पहिला रकाना 'काय घडले?', बदलीचे कलम खोडलेले, सोबत वरिष्ठांसाठी अकरा पानी युक्तिवाद. "मान्य होईल की नाही, सांगता येत नाही. पण नाही म्हणाले तर बारावं पान लिहीन. आणि हा कालच्या प्रसंगाचा अर्ज. तक्रार ज्याची, मोजणी त्याच्या नावावर होते. ही माझी पहिलीच आहे."

तिने वाचले. 'आपण आधी काय केले?' यापुढे त्याच्या सुवाच्य अक्षरात होते: 'शेजारी बसलो होतो. गप्प राहिलो. त्याआधी तिला हसायला सांगितले होते. चूक माझी.'

तिने बोट त्या ओळीवरून खाली, अर्जाच्या शेवटापर्यंत नेले. काचेवर पाऊस भुरभुरत होता.

"एक रकाना कोरा आहे," ती म्हणाली. 'ज्यांच्याबाबत प्रसंग घडला, त्यांच्याशी आपले नाते.'

"तो मला... एकट्याला भरता येईना."

आरसा तिने किंचित वळवला. त्यात आता फक्त तो दिसत होता. मग त्याच्या हातातले पेन घेऊन तिने लिहिले, 'रोजचा प्रवासी.' त्याचा चेहरा उतरलेला तिने पाहिला, पुरता पाहिला, आणि पुढे एक शब्द जोडला, 'तूर्तास.'

"तूर्तास... म्हणजे कधीपर्यंत?"

"रकाना लहान केलायत तुम्ही," ती म्हणाली, आणि या वेळी ती कुणाच्याही सल्ल्यावाचून हसली. "उरलेलं तोंडी सांगेन. पुढं येऊन बसा."