पाचला वाजलेली घंटा

तीन वाजून वीस मिनिटांनी ग्रंथपालांच्या केबिनमधला फोन वाजला. ते पलंगावर आडवे पडून वाचत होते. पानात बोट तसंच ठेवून त्यांनी फोन घेतला. पलीकडे जहाजाचे व्यवस्थापक होते.

"तुमचे मित्र बायकांच्या वेळेत वाफेच्या खोलीत शिरले आहेत. लगेच खाली या."

ग्रंथपाल एक जिना चुकले, परत वर आले आणि शेवटी धापा टाकत पोहोचले. वाफेच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्यांचा मित्र मान खाली घालून बसला होता. कमरेला टॉवेल, अंगावर बनियन, मनगटावर घड्याळ. दोन बायका व्यवस्थापकांना तावातावाने काही सांगत होत्या. भिंतीवर पाटी होती: तीन ते चार स्त्रिया, चार ते पाच पुरुष.

हा मित्र छत्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झालेला. सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत. गल्लीतल्या क्रिकेटपासून दोघांची दोस्ती, म्हणजे साठ वर्षं सहज झाली असतील. पन्नास दिवसांच्या या समुद्रप्रवासाला निघायचं ड्रायव्हरने ठरवलं, आणि ग्रंथपालांनी "जमेल का रे आपल्याला?" असं चार महिने म्हणत सामान भरलं.

"पुस्तक्या," ड्रायव्हर हळूच म्हणाला, "मी घड्याळ बघूनच आलो रे."

त्याच्या मनगटावर चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. पॅसेजमधल्या घड्याळात तीन पंचवीस.

व्यवस्थापकांनी आवाज चढवला नाही. त्यांनी तरुण डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांना ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, तीनशे सतरामध्ये नेलं. पलंगासमोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. तीन चाळीस. अगदी बरोबर.

"हे तुमच्या डोळ्यांसमोरचं घड्याळ," व्यवस्थापक म्हणाले. "आता सांगा, आजोबा, चार तुम्ही कुठे बघितले?"

ड्रायव्हर पलंगावर बसला. त्याने मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघितलं.

अकरा दिवसांतली ही तिसरी वेळ होती. पाचव्या दिवशी भल्या सकाळी त्याने नाश्त्याच्या हॉलचं बंद दार बडवलं होतं. आठव्या दिवशी दवाखान्यात तासभर आधी जाऊन 'दहाची वेळ दिलीत, दहा वाजलेत' असा वाद घातला होता. दोन्ही वेळा केबिनमधलं घड्याळ बरोबर निघालं होतं आणि मनगटावरचं चुकीचं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं होतं: वेळेचं भान राहिलेलं नाही.

व्यवस्थापकांनी पुढचं सांगितलं. मुलाला फोन केला आहे. उद्या नऊला कॅप्टनसमोर बैठक. अकराला जहाज बंदराला लागेल. कॅप्टनची सही झाली की आजोबांना तिथेच उतरवून सोबतीसह विमानाने घरी धाडतील.

सगळे गेल्यावर केबिनमध्ये दोघंच उरले. बायको गेल्यापासून मुलगा त्याला आपल्याकडे न्यायचं म्हणत होता. वरची खोली, दिवसभराची बाई, बाहेर जायचं तर कोणीतरी बरोबर. आजवर ड्रायव्हरने ते हसण्यावारी नेलं होतं.

"तो कागद घरी पोहोचला ना, की मला एकट्याला कोपऱ्यावरच्या दुकानातही जाऊ देणार नाहीत," तो म्हणाला. "मी उतरणार नाही. उतरवायचं तर उचलून उतरवा म्हणावं."

मग त्याने विचारलं, "पण खरंच माझं डोकं गेलं असेल तर?"

ग्रंथपालांना हा प्रश्न झेपला नाही. स्वतःबद्दल शंका घेणं हे त्यांचं खातं, ड्रायव्हरचं नव्हे. त्यांनी खुर्ची ओढली.

"घड्याळ केव्हा लावतोस?"

"सकाळी. सहाची घंटा झाली की उठतो आणि भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवतो."

"रोज?"

"रोज. स्टेशनातलं घड्याळ खरं, मनगटावरचं खोटं. नोकरीच्या पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

"मग दिवसभरात पॅसेजमधलं घड्याळ दिसलं नाही?"

"एकदा वेळ मिळवली की इकडेतिकडे बघायचं नसतं. ज्याला जास्त घड्याळं दिसतात त्याची गाडी लेट होते."

"आज नाश्त्याला गेलास?"

"त्या दार बडवण्यानंतर मी नाश्त्याला जातोच कुठे? इथेच चहा-बिस्किटं. दुपारी मात्र तू मला तासभर ताटकळत ठेवलंस."

ग्रंथपाल ओशाळले. एकला जेवायला भेटायचं ठरलं होतं. ड्रायव्हर रागावून बसला होता आणि त्यांनी माफीही मागितली होती. पुस्तकात बुडाले की त्यांना तास जातो, हे जगजाहीर होतं. पण खुर्चीतून उठताना ते थबकले. आज सकाळी त्यांची चाळीस पानंसुद्धा वाचून झाली नव्हती. तासभर उशीर झाला असता तर ती सत्तरच्या पुढे गेली असती.

ते भिंतीवरच्या घड्याळापाशी गेले. मागून चावी फिरवता येते का बघितलं. घड्याळ भिंतीत पक्कं बसवलेलं. ना चावी, ना बटण. खालून एक बारीक वायर भिंतीत गेलेली. टेबलावर जहाजाची माहितीपुस्तिका पडली होती. बहुधा अख्ख्या जहाजावर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारे ते एकटेच. त्यातलं नववं पान त्यांना आठवत होतं, तरी पुन्हा काढलं. जहाज पश्चिमेला जात असल्याने काही दिवशी पहाटे वेळ एक तास मागे घेतली जाईल. केबिनमधली घड्याळं आपोआप बदलतील, प्रवाशांनी काही करू नये. खाली तारखा होत्या.

प्रवासाचा पाचवा दिवस. आठवा. अकरावा.

ग्रंथपालांनी ड्रायव्हरला काहीच सांगितलं नाही. आपलं चुकत असेल, असं त्यांना नेहमीप्रमाणे वाटत होतं.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी तीन कामं केली.

पहिलं, स्वागतकक्षातली तक्रारवही वाचायला मागितली. तिथल्या मुलीला नवल वाटलं. ती वही कोणी वाचायला मागत नसे. पाचव्या दिवसाच्या पानावर तीनशे एकोणीसमधल्या बाईंचं वळणदार अक्षर होतं: शेजारच्या केबिनमधली घंटा आज पहाटे पाचला वाजली, झोपमोड झाली. ग्रंथपालांनी मुलीला विचारलं की ही घंटा लावतं कोण. तिने एक कार्ड काढून दाखवलं. प्रवासाच्या पहिल्याच दिवशी ड्रायव्हरने स्वतःच्या हाताने भरलेलं होतं: रोज, सहा वाजता. त्याखाली तिची सही. एकदा यंत्रात भरलं की केबिनच्या घड्याळात सहा झाले की घंटा आपसूक वाजते, ती म्हणाली.

दुसरं, ते त्या शेजारच्या बाईंना भेटले. बाई पत्ते लावत बसल्या होत्या.

"तुमच्या मित्रांना सांगा, एक काय ते ठरवा," त्या म्हणाल्या. "रोज सहाला वाजते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मध्येच पाचला कशी वाजते? आजही पाचलाच."

"आज नक्की पाच?"

"मी काय झोपेत ऐकलं म्हणता? समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बघितलं मी. तीनदा झालं हे. आज वहीत लिहायचा कंटाळा केला, एवढंच."

तिसरं, केबिनची साफसफाई करणाऱ्या माणसाला त्यांनी गाठलं. ड्रायव्हरच्या खोलीत रोज जाणारा तो एकटाच, म्हणून त्याला आधी घाम फुटला. घड्याळाला आपण हात लावला नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. मग ग्रंथपालांनी चहा मागवला आणि त्याची जीभ सैल झाली. मागच्या सफरीत एका केबिनचं घड्याळ बंद पडलं होतं. त्याने कळवलं. व्यवस्थापकसाहेब बघायलासुद्धा आले नाहीत, आपल्या ऑफिसात बसूनच त्यांनी ते एकच घड्याळ चालू केलं. तिथल्या कपाटाची किल्ली साहेब गळ्यात घालतात.

ग्रंथपाल आपल्या केबिनमध्ये परत आले. आता फक्त एकच कोडं उरलं होतं. एका म्हाताऱ्या इंजिन ड्रायव्हरशी व्यवस्थापकांचं वैर काय?

आणि ते उत्तर त्यांच्याच पाकिटात होतं.

दुसऱ्या दिवशी नऊला कॅप्टनच्या ऑफिसात सगळे जमले. कॅप्टन म्हणजे पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. समोर डॉक्टरांचा कागद आणि पेन. व्यवस्थापकांनी तिन्ही प्रसंग सांगितले. बोलण्यात कळवळा होता. शेवटी ते म्हणाले की आजोबांचा राग नाही, काळजी वाटते.

"मला बोलायचंय," ग्रंथपाल म्हणाले.

व्यवस्थापकांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की ही वैद्यकीय बाब आहे आणि मित्राला यात बोलायचा अधिकार नाही.

"नसू दे," ग्रंथपाल म्हणाले. "तरी मी बोलणार."

त्यांनी आधी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली. भान गेलेला माणूस कधी तासभर मागे, कधी दोन तास पुढे, कधी अख्खा दिवस चुकेल की नाही? डॉक्टर म्हणाले, साधारण तसंच होतं. मग हा माणूस तिन्ही वेळा बरोबर एकच तास पुढे का? आणि ज्या दिवशी जहाजाची वेळ मागे गेली नेमक्या त्याच तीन दिवशी का?

कॅप्टनने पेन बाजूला सरकवलं.

"कारण त्या तीन दिवशी सगळ्या जहाजाची घड्याळं मागे गेली आणि तीनशे सतराचं जुन्याच वेळेवर राहिलं," ग्रंथपाल सांगू लागले. "ड्रायव्हरने भिंतीवरचं घड्याळ बघून मनगटावरचं लावलं. त्याची चूक एवढीच की तो सरकारी घड्याळावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. प्रसंग घडला, माणसं जमायला लागली, की केबिनचं घड्याळ गुपचूप बरोबर केलं जायचं. मग भिंतीवर खरी वेळ आणि याच्या हातावर खोटी. काल जेवायला मी तासभर उशिरा आलो असं हा म्हणाला आणि मी माफी मागितली. मी वेळेवर होतो. पण आम्ही दोघंही असे की एकाने घड्याळावर शंका घेतली नाही आणि दुसऱ्याने फक्त स्वतःवर घेतली."

"ही कल्पना झाली," व्यवस्थापक म्हणाले. "पुरावा?"

"घंटा. घड्याळ मागे न घेताना तुम्ही ती विसरलात. ती त्याच घड्याळावर चालते." ग्रंथपालांनी कार्ड आणि तक्रारवही टेबलावर ठेवली. "तुमच्याच यंत्रात रोज सहा भरलंय, तुमच्याच माणसाची सही आहे. घंटा वाजली पाचला. हे तुमच्या वहीत लिहिलेलं, आणि तिन्ही दिवसांच्या साक्षीदार बाई बाहेर बसल्यात. म्हाताऱ्याचं भान जाईल, मान्य. घंटेचं कसं जाईल?"

कॅप्टनने विचारलं की ते घड्याळ खोलीतून बदलता येतं का.

"येत असेल तर त्यांनी बदलून दाखवावं. त्याला चावी नाही, बटण नाही. ते फक्त यांच्या ऑफिसातल्या कपाटातून बदलतं, आणि किल्ली यांच्या गळ्यात आहे."

व्यवस्थापकांचा हात कॉलरकडे गेला आणि तिथेच थांबला.

"पण का?" कॅप्टन म्हणाली.

ग्रंथपालांनी पाकिटातून घडी केलेला कागद काढला. तिसऱ्या दिवशी सगळे जेवणाच्या हॉलमध्ये असताना ड्रायव्हर मागच्या कठड्याशी उभा होता. तो जेवतो लवकर. खालच्या दारातून माणसांनी एकामागून एक कचऱ्याच्या काळ्या पिशव्या समुद्रात सोडल्या. त्याने वीस मोजल्या. त्याला तिथेच आरडाओरडा करायचा होता. आपण थांबवलं, ग्रंथपाल म्हणाले, आपल्यालाच हौस की सगळं रीतसर व्हावं. चौथ्या दिवशी कॅप्टनच्या नावे अर्ज लिहून व्यवस्थापकांच्या हाती दिला. आणि ग्रंथालयातल्या सवयीने नकलेवर पोच घेतली.

कॅप्टनने पोच वाचली. सही वाचली.

"हा अर्ज माझ्यापर्यंत आलेला नाही," ती म्हणाली.

"कसा येईल? बंदरावर चौकशी झाली की साक्षीदार हा एकच. आणि वेळेचं भान नसलेल्या माणसाने मोजलेल्या पिशव्या कोण खऱ्या मानतं? अर्ज दिला चौथ्या दिवशी. पाचव्या दिवशी याचं डोकं बिघडायला लागलं."

कॅप्टनने मुख्य इंजिनियरला बोलावलं आणि व्यवस्थापकांपुढे हात केला. किल्ली द्यायला त्यांनी बराच वेळ घेतला. दहा मिनिटांनी इंजिनियर परत आला. कपाटातल्या यंत्रात नोंद राहते. तीन दिवशी पहाटे एकच केबिन वगळली होती. तीनशे सतरा.

"बंदरावर कचरा उतरवायचा म्हणजे परवानग्या, तपासण्या, अख्खा दिवस जातो," व्यवस्थापक टेबलाकडे बघत म्हणाले. "सगळी जहाजं हेच करतात. या म्हाताऱ्याला तेवढं बघायची काय गरज होती?"

"छत्तीस वर्षं समोर बघायचाच पगार घेतलाय," ड्रायव्हर म्हणाला. त्या सकाळी तो पहिल्यांदाच बोलला.

व्यवस्थापकांना सामान बांधायला सांगितलं गेलं, बंदरावरच्या अधिकाऱ्यांना कळवलं गेलं. डॉक्टरांनी आपला कागद स्वतः फाडला आणि ड्रायव्हरची माफी मागितली. ती ड्रायव्हरने लगेच दिली नाही. नवा कागद लिहा, तो म्हणाला, आणि त्यात लिहा की मी पन्नास दिवसांच्या प्रवासाला लायक आहे. डॉक्टरांनी लिहिला. कॅप्टनने त्यावर सही केली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. ठरल्याप्रमाणे मुलगा होता, विमानाची वेळ विचारायला. कॅप्टनने दोन वाक्यांत घडलं ते सांगितलं आणि फोन ड्रायव्हरकडे दिला. मुलगा बराच वेळ बोलत राहिला. झालं ते झालं, पण आता परत या, खोली तयार केली आहे, या वयात कशाला जिवाला त्रास, असं काहीसं.

"अजून अडतीस दिवस आहेत," ड्रायव्हर म्हणाला. "त्यानंतर मी येईन. माझ्या घरी."

मुलाने काकांना फोन द्यायला सांगितलं. ग्रंथपालांनी तो दोन्ही हातांनी धरला. काका, तुम्ही तरी समजूतदार आहात, मुलगा म्हणाला, तुमचं ते ऐकतात, तुम्ही त्यांना जरा समजवा ना.

ग्रंथपालांनी मित्राकडे बघितलं. तो खिडकीतून जवळ येणारं बंदर बघत उभा होता, पण कान इकडेच होते.

"नाही," ते म्हणाले. "मी समजावणार नाही. मीही त्याच्याबरोबर पुढे चाललोय."

मुलगा अजून बोलत होता. ग्रंथपालांनी फोन ठेवून दिला.