वेंडेलच्या गॅरेजखालची पेटी

"आता ही गोष्टसुद्धा तुमच्या ओळखीतल्याच कोणाची असणार," केली म्हणाली. "तुमच्या ओळखीत साधी, न मेलेली माणसं नाहीतच का हो, व्हर्नन काका?"

पायऱ्यांवर बसलेल्या पोरी फिदीफिदी हसल्या. काकांनी किडे येतात म्हणून ओसरीचा दिवा मालवला.

"ओळखीतलीच. त्या रात्री झाकण मी सरकवलंय," ते म्हणाले, आणि सांगू लागले.

गेल्या वर्षी मे महिन्याची एकोणीस तारीख, सोमवार. डार्ला टॉर्चचे सेल आणायला निघाली होती. रात्री वादळ येणार, असं टीव्हीवाला सकाळपासून घसा फोडून सांगत होता. तिचा नवरा तेलविहिरीवर कामाला, दोन-दोन आठवडे बाहेर. म्हणून ती सात महिन्यांच्या लेकीला, जूनला, घेऊन हिवाळ्यात सासऱ्याकडे राहायला आली होती. सासऱ्याच्या, वेंडेलच्या गॅरेजच्या फरशीत, वादळात लपायला, चार माणसं मावतील अशी लोखंडी पेटी पुरलेली होती. वरून सरकतं झाकण, आतून कडी. आणि बाहेरून एक भलंमोठं कुलूप.

"किल्ली द्या, वेंडेल. पाणी आणि जूनचे लंगोट खाली ठेवते."

"खाली कोणी जायचं नाही. वादळाचा भोंगा झाला की बाथटबमध्ये बसायचं, वर गादी ओढून घ्यायची. माझी आई तशीच वाचली."

"मग ही पेटी कशाला पुरलीत? लोणचं मुरवायला?"

वेंडेलनं किल्ली खिशात सरकवली. म्हाताऱ्यांजवळ कारण नसलं की ते आवाज चढवतात, हे डार्लाला पाठ होतं. ह्यानं आवाजही चढवला नाही. ती तणतणत दुकानात गेली.

तिथे शेजारची मार्वा भेटली, बर्फाची पिशवी छातीशी धरून उभी. डार्लानं कुलपाचं सांगितलं, तशी ती कोरडं हसली.

"आता कुलूप घालतोय होय? गेल्या वर्षी एप्रिलच्या वादळात माझा नवरा, लॉनी, त्याच झाकणावर ठोकत होता. आत तुझा सासरा एकटा. चार माणसांच्या पेटीत एकटा! आतून म्हणाला, जागा नाही."

"का?"

"कुंपणाचं भांडण. हातभर जमीन. दोन शेतं पलीकडे सापडला माझा लॉनी."

डार्ला ह्याच मुलखात वाढलेली. वादळात ठोकणाऱ्याला दार उघडायचं, मग तो वैरी का असेना, हे इथल्या शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही. ती घरी आली ती हातोडा घेऊनच गॅरेजमध्ये शिरली. तीन घावांत कुलूप तुटलं.

वेंडेल दारात उभा होता. "फोडलंस ना? उतर खाली. पण आत मोकळी जागा आहे असं समजू नकोस."

"तुमच्या पापाची शिक्षा माझ्या लेकीनं भोगायची नाही," डार्ला म्हणाली.

नऊ वाजून वीस मिनिटांनी भोंगा झाला. गावातले पुरुष भोंगा ऐकून लपतात थोडेच! घडीची खुर्ची आणि बिअरचा डबा घेऊन अंगणात येतात, आभाळातून उतरणारी वादळाची सोंड दिसते का बघायला. वेंडेलही बसला.

"आत या!" डार्ला ओरडली. "जत्रा आहे का ती?"

"अजून लांब आहे, पोरी."

ती जूनला घेऊन उतरली. झाकण ओढलं. कडी मात्र लावली नाही. मुद्दाम. म्हातारा कसाही असला तरी येईल, आणि आला तर त्याला आत घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं.

टॉर्च लावला. बाक, पाण्याच्या बाटल्या, चार कोरड्या भिंती. कोणी नव्हतं.

मग आवाज आला. आगगाडी अंगावर यावी तसा. टॉर्च गेला. नवे सेल…

वर पावलं धावली. झाकणावर मुठी आदळल्या.

"पोरी! उघड!"

"उघडंच आहे! सरकवा!"

"सरकत नाही गं… उघड!"

तिनं जूनला बाकावर ठेवलं. चाचपडत हात वर नेला. कडी लागलेली होती.

तिनं लावली नव्हती.

तिनं ओढली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली. तेव्हा कळलं… कडीवर बोटं होती. जाड. थंडगार. ओली.

ती नखांनी ओरबाडू लागली. बोटं सुटेनात.

"उघड… पाया पडतो…"

तिच्या कानाशी, अगदी शांतपणे, एक पुरुष बोलला.

"जागा नाही."

वरच्या मुठी थांबल्या.

"लॉनी…?" वेंडेल म्हणाला.

मग सगळं वरून निघून गेलं.

दहा वाजून पाच मिनिटांनी व्हर्नन काका अग्निशमनवाल्यांबरोबर पोचले. गॅरेज नव्हतं. नुसती फरशी होती. झाकण एका हातानं सरकलं. कडी लागलेली नव्हती. डार्ला झाकणाखाली उभी, दोन्ही हात वर, नखं उखडलेली. "मी उघडत होते," एवढंच म्हणत होती. वेंडेल दोन शेतं पलीकडे सापडला. सुनेनं सूड घेतला, असं गावातली थोर माणसं आजही म्हणतात. त्यांच्यातलं कोणी त्या पेटीत उतरलं नव्हतं.

"आणि जून?" केलीनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

जून बाकावर गाढ झोपली होती. पेटी कोरडी ठणठणीत. पण पोर एका पुरुषी कोटात नीट गुंडाळलेली होती, आणि त्या कोटातून पाणी ठिबकत होतं. डार्लानं तो कोट कधी पाहिला नव्हता.

कंदील घेऊन मार्वा आली. तिनं कोटाची डावी बाही उलटी केली. आत मासे धरायच्या दोऱ्यानं घातलेले टाके होते. बराच वेळ ती त्यांच्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"माझे टाके आहेत," ती म्हणाली. "ह्याच कोटात पुरलाय मी त्याला."