अक्षरं वाचल्याशिवाय

त्या दिवशी सकाळी घड्याळजींनी बायकोला विमानतळावर सोडलं, तिची बॅग ढकलगाडीवर चढवली आणि हजारदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं. "डावीकडची खिडकी आहे तुझी. चाकं उचलली की लगेच खाली बघायचं. कुंपणाबाहेर आम्ही उभे असू. फोनचा दिवा तीनदा लावायचा."

"लावीन हो," बायको म्हणाली. "संसार म्हातारा झाला, पण तुमचं विमानाचं खूळ काही उतरत नाही. मफलर नीट गुंडाळा आधी."

ती निघाली होती लेकीकडे. लेक नुकतीच बाळंत झाली होती. जावई कामासाठी परगावी, घरात ती आणि तिचं ते मूठभर बाळ. बायकोचा जीव तिकडे केव्हाच पोचला होता, फक्त देह पोचायचा बाकी होता.

घड्याळजी तिथून थेट कुंपणाकडे गेले. धावपट्टी जिथे संपते तिथे तारेचं कुंपण आहे, बाहेर थोडं गवत आणि एक मोडका बाक. रविवार असो की सणवार, तिथे तीन माणसं हमखास सापडायची. घड्याळं दुरुस्त करणारे आपले घड्याळजी, दातांची डॉक्टरीणबाई, आणि याच विमानतळाच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालेले बंबवाले आजोबा. आभाळात घरघर झाली की तिघांच्या माना एकदम वर. घरचे यांना 'कुंपणकर' म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

या मंडळींची एक रीत होती. कुणाचं आपलं माणूस उडणार असलं की सगळ्यांनी कुंपणाशी यायचं. खिडकीतून तीनदा दिवा लागला की खालून मोठी पिवळी छत्री उघडून हलवायची. याला ते 'ओळख देणं' म्हणत. आणि रीतीला आजोबांनी घालून दिलेला एक नियम होता. विमानाच्या अंगावर त्याची अक्षरं रंगवलेली असतात, ती दुर्बिणीतून आधी वाचायची. अक्षरं वाचल्याशिवाय छत्री उघडायची नाही.

"का हो पण?" डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं होतं.

"ओळख दिली की ते आपलं होतं," आजोबा म्हणाले होते. "मग आपलं म्हणून घरी येतं." पुढे त्यांना कितीही छेडलं तरी ते बोलले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आजोबांची कवळी सैल झालीय, त्यामुळे असं काहीबाही बाहेर पडतं.

तर त्या सकाळी धुकं होतं. आधी विरळ, मग असं दाट की पलीकडची धावपट्टी दिसेना. थर्मासमधला चहा निघाला, गप्पा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंचं मत, शेपटाकडची जागा सगळ्यात सुरक्षित. आजोबा म्हणाले, "जागेचं काय घेऊन बसलात? बसल्या बसल्या दार किती रांगा पुढे आहे ते मोजून ठेवावं. धूर झाला की डोळे कामाचे नाहीत, हातच कामाचे." मग हिवाळ्यातल्या सहलीचा विषय निघाला. कुठल्याशा बेटावर विमानं म्हणे समुद्रकिनाऱ्यावरच्या माणसांच्या डोक्यावरून उतरतात. डॉक्टरीणबाईंनी जायचंच ठरवलं होतं. घड्याळजी हो हो म्हणत होते, पण कान सगळे बाकावरच्या छोट्या रेडिओकडे. त्यावर टॉवरचं बोलणं ऐकू यायचं. टॉवर सांगत होता, धुकं उठेपर्यंत थांबा.

मग रेडिओही गप्प झाला. नुसती खरखर.

आणि आवाज आला.

जेटची शीळ नव्हती ती. जड, थांबत थांबत घुमणारी पंख्यांची घरघर होती. असली विमानं इथून उडायची बंद होऊन जमाना झाला होता. ओल्या जळक्या कापडासारखा वास आला. डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला.

"हे… कुठलं?" त्या पुटपुटल्या.

आजोबा धुक्याकडे बघत उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

घरघर डोक्यावर आली. धुक्यात काळं काहीतरी सरकत होतं, पोट नाही, पंख नाहीत, आकार असा नाहीच. फक्त एक खिडकी दिसली. आणि त्या खिडकीत दिवा लागला. विझला. लागला… विझला… पुन्हा लागला.

माणसाचं मन कसं असतं बघा. टॉवरनं उड्डाणं थांबवलीत हे घड्याळजींना ठाऊक होतं. ही घरघर आपल्या बायकोच्या विमानाची नव्हे हेही ठाऊक होतं. पण तीनदा दिवा लागला, आणि हातानं डोक्याला विचारलंच नाही. छत्री उघडली, वर गेली, हललीसुद्धा.

आजोबांनी त्यांचं मनगट धरलं. "अक्षरं वाचलीस?"

"नाही… दिसलीच नाहीत…"

"अरे माझ्या देवा," आजोबा म्हणाले, आणि मटकन बाकावर बसले.

तेवढ्यात घड्याळजींचा फोन वाजला. बायको होती. "अहो, इथेच बसलेय अजून! विमान रद्द केलं म्हणे. टॅक्सी करून घरी येते. लेकीचा फोन लागत नाहीये, तुम्ही लावून बघा."

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. बायको जमिनीवर होती, धडधाकट होती, आणि नेहमीसारखी वैतागलेली होती. मग दिवा कुणी लावला? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धुक्यात डोळे फसतात. घड्याळजींनाही तेच पटवून घ्यायचं होतं. आजोबा मात्र निरोप न घेताच निघून गेले.

घरी आल्यावर घड्याळजींनी ओली छत्री दाराजवळच्या कोपऱ्यात उभी केली. बायको आली, विमान कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या, वरणभात लावला. लेकीचा फोन दिवसभर लागला नाही. धुकंही उठलं नाही. घड्याळजींनी भिंग लावून एक घड्याळ उघडलं आणि तसंच मिटवून ठेवलं. 

दिवे लागायच्या सुमाराला फोन वाजला. लेक होती.

"बाबा, चाकं टेकली हो! आई पोचली."

घड्याळजी गोंधळून गेले. समोर बायको मेथी निवडत बसली होती. "कोण पोचली?"

"कोण म्हणजे काय? आई! दुपारीच आली. सरळ बाळाला जे मांडीवर घेतलंय ते खाली ठेवायला तयार नाही. जरा थकलीय, बोलत नाही फारसं. आणि बाबा, तिच्या कपड्यांना कसला हो वास येतोय? जळकट…"

 घड्याळजींनी फोन स्पीकरवर टाकला आणि बायकोसमोर धरला. बायकोनं ऐकलं. हातातली जुडी खाली पडली.

"बाळा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "मी इथे आहे गं. घरी आहे मी. तुझ्या बाबांच्या समोर बसलेय."

 पलीकडे लेक हसली, पण हसणं जमलं नाही तिला. "चेष्टा करताय ना दोघं? आवाज कुणाचा काढताय? आई तर इथे आतल्या खोलीत…"

"बाळाला तिच्याकडून घे!" घड्याळजी ओरडले. "आधी बाळाला घे!"

चपलांचा आवाज. दार ढकलल्याचा आवाज. इकडे नवरा-बायको एकमेकांचे हात घट्ट धरून ऐकत होते.

"अहो, छत्री कुणाला दाखवलीत तुम्ही?" बायकोनं हळूच विचारलं. कुंपणकरांची रीत तिला पाठ होती. घड्याळजींना तिच्या डोळ्यांत बघवेना.

"बाबा, खोलीत नाहीयेत दोघं," लेकीचा आवाज आला. मग दार उघडल्याचा आवाज, आणि तिनं सोडलेला मोठा सुस्कारा. "हं… बाहेर आहेत. अंगणात. केवढं धुकं आलंय इकडे! आई बाळाला घेऊन फाटकाकडे चाललीय, फोनचा दिवा लावतेय, विझवतेय… आणि बाबा, तुम्ही पण ना! येताय हे सांगायचं नाही का? घाबरवलंत मला. उभे आहात की फाटकाशी!"

"मी?" घड्याळजी म्हणाले. "मी घरी आहे गं… मी घरी आहे…"

"अहो, दिसताय की मला. पिवळी छत्री हलवताय ती."

घड्याळजींनी मान वळवली. दाराजवळच्या कोपऱ्यात, छत्री उभी केली होती तिथे, फरशीवर नुसतं पाण्याचं थारोळं होतं.