पॉलिश मारलेला साचा

सोमनाथ आमच्या प्रयोगशाळेत आला तो चुकून. त्याला शेजारच्या विभागात एक पार्ट द्यायचा होता. दार ढकललं, मला पाहिलं, अन् मग टेबलावरचा स्टीलचा साचा पाहून तो तिथंच थांबला.

"हा तर मीच बनवलाय! वाळूजला, आमच्या टूलरूममध्ये. चालला का?"

"साचा चालला. पेशी ऐकेनात," मी म्हणाले.

तीन महिने मी त्या साच्यावर सिलिकॉन ओतून पातळ तुकडे काढत होते अन् त्यांवर स्नायूंच्या पेशी वाढवत होते. पेशीला डोळे नसतात, पण खालची जमीन तिला कळते. सपाट जागेवर ती कुठंही पसरते. केसाहून बारीक खाचा असल्या, की त्यांच्या दिशेनं लांबते. माझ्या मात्र वाट्टेल तशा पसरत होत्या. माझ्या गाइड सरांना वाटत होतं, माझाच हात चुकतोय. मलाही वाटू लागलं होतं. हे सगळं मी त्याला सांगितलं.

"खाचा?" त्यानं साचा उजेडात तिरका धरला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मॅडम... त्या मी पाडल्या होत्या. मग सवयीनं वरून पॉलिश मारलं. आरशासारखा केला. लई खूश होतो मी."

गप्प बसला असता, तर कुणाला कळलं नसतं. साचा तपासायचं मलाही सुचलं नव्हतं. रागावायला तोंड उघडलं, अन् म्हणाले, "बसा. चहा घ्या."

आठवड्यात तो नवा साचा घेऊन आला. नव्या तुकड्यांवर पेशी टाकल्या, त्या संध्याकाळी त्याचा फोन — "चिकटल्या का?" दुसऱ्या दिवशी — "जेवल्या का?" मला हसू आवरेना. तिसऱ्या दिवशी तो वैजापूरला घरी जाणार होता. गेलाच नाही; सरळ प्रयोगशाळेत आला.

मी त्याला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. सगळ्या पेशी लांबट, एकाच दिशेनं.

"व्हय की..." तो पुटपुटला.

"झालं. आता तुम्हाला फोन करायला कारण नाही उरलं."

"एक हाय." त्यानं भिंगावरून डोळा काढला नाही. "मी आयटीआयवाला, तुम्ही पीएच.डी. करणाऱ्या. घरचे काय म्हणतील, ठाऊक नाय. पण तुम्ही मला... आवडता."

"हे माझ्याकडं बघून सांगता येईल?"

त्यानं मान वर केली. डोळ्याभोवती गोल वळ उमटला होता.

"आवडता."

"तूही मला," मी म्हणाले. "अन् आजपासून मॅडम नको. हिमानी म्हण."

त्यानं घसा खाकरला, धीर केला, अन् म्हणाला —

"बरं, हिमानी मॅडम."