मॉरिशसचे सहा दिवस

"माझ्या मुलीनं आखलेली सहल कुणीतरी रद्द केली, बाई. चोरी म्हणा, दरोडा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा!"

श्रीरामपूरचे निवृत्त मुख्याध्यापक सोपान साळवे खुर्चीत बसायच्या आधीच बोलून मोकळे झाले. नगरला पुष्पावती भिंगारदिवे यांच्या खासगी तपासाच्या कचेरीत नवरे यायचे, बायका यायच्या, भांडणारे भाऊ यायचे. सहल हरवलेला माणूस पहिलाच. बाईंचा मदतनीस अजिनाथ गालातल्या गालात हसला. हवालदारकीतून निवृत्त झालेला हा गडी अंगानं भरभक्कम आणि डोक्यानं तितकाच निवांत. दोन मिनिटांत त्याला आपल्या हसण्याची लाज वाटली.

कारण ती मुलगी, यशोधरा, दीड वर्षापूर्वी अपघातात गेली होती. पुण्यात लोकांच्या सहली आखून देणं हे तिचं काम. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून तिनं दोघांसाठी मॉरिशस ठरवलं होतं. ती गेल्यावर तारखा पुढं ढकलल्या. आता निघायला आठ दिवस उरले असताना मुंबईच्या बुकिंगवाल्यांचं पत्र आलं.

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. मंगळवारी सकाळी अकराला, साळव्यांच्या घरच्या फोनवरून एका बाईंनी बुकिंग रद्द केलं. बुकिंगचा नंबर अचूक सांगितला. बुकिंग यशोधराच्या नावावर, म्हणून तिची जन्मतारीख विचारली. आधी चार ऑगस्ट म्हणाल्या. जुळत नाही म्हटल्यावर एक जून. पैसे परत नकोत म्हणाल्या. 'रद्द करा, पण तिचं नाव काढू नका', एवढं बोलून फोन ठेवला.

"चार ऑगस्ट कुठून आला?" बाईंनी विचारलं.

"ठोकून दिला असेल. यशूचा वाढदिवस एक जून. शाळेच्या दाखल्यावर मीच लिहिलाय, आणि केकही दरवर्षी त्याच दिवशी."

"आरं वा, माझाबी एक जूनच की!" अजिनाथ म्हणाला. "आमच्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाचाच लिहिला हुता."

बाईंनी त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग गुरुजींना विचारलं, "त्या वेळी घरात कोण होतं?"

"मी बँकेत, मुलगा तुषार कारखान्यात. घरी बायको सुमन, सून वृषाली आणि कुरडया करायला आलेली शेजारची मुबारकबी. बाई, यशूनं आयुष्यात आमच्याकडं मागितलं ते एवढंच. 'एकदा दोघं समुद्रावर जाऊन नुसते बसा.' ते केल्याशिवाय मला मरणसुद्धा सुखाचं यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं श्रीरामपूरला पोचली. गच्चीवर कुरडया वाळत होत्या. पुढच्या खोलीत दाराशीच प्रवासाच्या दोन नव्या कोऱ्या बॅगा उभ्या होत्या. अजिनाथनं वाट मोकळी करायला त्या उचलल्या. गुरुजींची उचलताना त्याच्या कमरेत कळ आली. सुमनबाईंची दोन बोटांवर आली. बायकांचं सामान शेवटच्या दिवशीच भरतं, हे त्याला घरच्या अनुभवानं ठाऊक होतं, म्हणून त्यानं विचार केला नाही.

वृषालीला सातवा महिना होता. ती लपवाछपवी न करता बोलली. "हो, मी तुषारला म्हणाले होते, आत्ताच कशाला जातायत? मला भीती वाटते एकटीला. पण फोन मी केला नाही."

"नणंदेचा वाढदिवस कधी?"

"एक जून. मोबाईलमध्ये आहे ना. अजून आठवण करून देतो तो. ती नोंद पुसवत नाही."

मुबारकबी चिकाचं पातेलं घासत बसली होती. "सुमन समिंदरावर चालली म्हनून मला लई काळजी व्हती, खोटं न्हाई बोलत. पन फोन? मला तर त्या आकड्यांतलं वाचता बी येत न्हाई."

"गुरुजी म्हणाले, तुमचा मुलगा यशोधराच्याच वयाचा?"

"हारिस? व्हय! एकतीस जुलैचा. यशू त्याच्यापरीस चार दिवसांनी धाकली. दोगं ह्याच मांडीवर वाढले." ती पदरानं डोळे पुसायला लागली.

सुमनबाईंनी चहा दिला आणि कमरेची किल्ली काढून यशोधराचं कपाट उघडलं. आत एकच फाईल होती. तिच्या वळणदार अक्षरात सहाही दिवस लिहिलेले. तळमजल्याची खोली, कारण आईचे गुडघे. पहिला दिवस: काहीही करायचं नाही. दुसरा: पायाला तेलाचं मालिश, आईनं लाजायचं नाही. तिसरा: काचेच्या तळाची होडी. चौथ्या दिवशी आईनं मागवून खायचं, एकही भांडं उचलायचं नाही. वरच्या कोपऱ्यात बुकिंगचा नंबर होता. पानांच्या कडा हाताळून मऊ पडल्या होत्या.

"हे कपाट आणखी कोण उघडतं?"

"कुनी न्हाई," सुमनबाई म्हणाल्या.

बाहेर येताच अजिनाथ कुजबुजला, "सूनच हाय. कारन तिनंच सांगितलं."

"कारण सांगणारा लपत नसतो, अजिनाथ. सगळ्यांना आत बोलव."

खोलीत कुणी बसलं नाही. पुष्पावतीबाई हळूच बोलायला लागल्या.

"फोन करणारीच्या तोंडून आधी चार ऑगस्ट आलं. गुरुजी, ठोकून दिलेली तारीख ती नव्हती, तुमची एक जून होती. पोर वेळेत पहिलीत बसावी म्हणून तुम्ही एक जून लिहिलात, आणि मग घरानं तोच पाळला. वृषाली नंतर आली, तिला दुसरी तारीख माहीतच नाही. मुबारकबींच्या हारिसपासून मोजलं, तर एकतीस जुलैनंतर चार दिवस म्हणजे चार ऑगस्ट. खरी तारीख जाणणाऱ्या दोघी उरल्या. त्यांतल्या मुबारकबींना नंबर वाचता येत नाही, आणि फाईल किल्लीच्या आड. शिवाय दाराशी उभी असलेली सुमनबाईंची बॅग रिकामी आहे. जिला जायचंच नव्हतं, तिनं ती भरली नाही."

अजिनाथला आपली दोन बोटं आठवली. अख्खा पुरावा हातात येऊन गेला होता.

गुरुजी बायकोकडं वळले. "सुमन? तू? तिची एवढी एक इच्छा..."

सुमनबाईंनी मान वर केली. "मी रोज एक पान वाचते. वाटतं, पोरीनं आपल्यासाठी काही ठरवून ठेवलंय, ते अजून व्हायचंय. आपन गेलो, सहा दिवस बसलो, फिरलो, आन् माघारी आलो. मग? मग तिचं काय ऱ्हायलं हो? तिच्या हातचं शेवटचं कामबी आपनच संपवायचं? म्हनून म्हनले, रद्द करा, पन नाव काढू नका."

मुबारकबी तोंडाला पदर लावून रडत होती. वृषालीनं सासूचा हात धरला. अजिनाथला एकदम आपल्या घरी जावंसं वाटलं.

जायचं की नाही, हे विचारायला गुरुजींनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा वेगळाच प्रश्न आडवा आला. मग ते बायकोच्या पायाशी जमिनीवरच बसले.

"हजारो पोरांच्या तारखा लिहिल्या मी," ते म्हणाले. "माझ्या पोरीची मला माहीत नव्हती. पावसाळा होता, एवढंच आठवतं. मी नगरला ट्रेनिंगला होतो ना?"

"व्हय. चौथ्या दिशी आला तुमी."

"मग सांग मला. मॉरिशस राहू दे. सकाळी झाली का? रडली का लगेच? कुणी उचललं आधी?"

सुमनबाईंनी डोळे पुसले. "मुबारकबीनं उचललं. चार दिसांची बाळंतीन ही, तरी धावत आली. रडली न्हाई लगेच. आदी डोळे उघडून बघितलं तिनं."

"कुणाकडं?"

"दाराकडं," सुमनबाई म्हणाल्या, आणि गुरुजी ओक्साबोक्शी रडायला लागले.