भेटशीन का?

पवनारला धाम नदीच्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या आकांक्षाची डावी चप्पल सुटली आणि बघता बघता खडकांपलीकडे गेली. साताऱ्याची ही पोर चार महिन्यांपूर्वी सेवाग्रामच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून सहा महिन्यांच्या करारावर आली होती. वर्ध्यात बघण्यासारखं काही नाही, असं तिला निघतानाच चारचौघांनी बजावलं होतं. आता चप्पलही गेली म्हटल्यावर हसावं की रडावं तिला कळेना.

"ही तुमची का जी?"

खालच्या अंगाला, गुडघाभर पाण्यात, पँट दुमडलेला एक तरुण उभा होता. हातात तिची चप्पल, ओल्या केसांवर आश्विनातलं सकाळचं ऊन.

"माझी, हे कसं ओळखलंत?"

"एका पायात चप्पल असलेलं दुसरं कोणी दिसत नाई इथं, म्हून इचारलं."

तिला हसू फुटलं. मग उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "इथं अजून बघायला काय आहे हो?"

या एका प्रश्नात तिचे पुढचे पाच रविवार गेले.

प्रफुल हिंगणीचा. गावोगावचे मोटारपंप दुरुस्त करत फिरायचा, त्यामुळे कुठला रस्ता कुठल्या महिन्यात रूपाला येतो हे त्याला पाठ. केळझरच्या टेकडीवर जायचं तर भल्या सकाळी, पायऱ्या दवानं ओल्या असताना. गिरडला दुपार कलल्यावर, म्हणजे खाली पसरलेली शेतं सोनेरी दिसतात. शेतांमधल्या एका पांदणीत तर त्यानं मोटारसायकल थांबवली ती नुसता कापूस दाखवायला. दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेली, आणि वाऱ्यावर डुलणारे काशीच्या गवताचे पांढरे तुरे. आकांक्षा बघतच राहिली. बजावणाऱ्या त्या चारचौघांना इथं आणून उभं करावं, असं तिला फार वाटलं.

"तुमच्याकडं मोठमोठे डोंगर हायेत," प्रफुल जरा ओशाळून म्हणाला. "आमचं सारं लहान लहान."

"लहान आहे म्हणून तर नीट बघता येतं," ती म्हणाली... आणि बघितलं मात्र त्याच्याकडे. त्यानं घाईघाईनं सीताफळ फोडून तिच्या हातावर ठेवलं. अर्ध्याहून मोठा तुकडा नेहमी तिचा असायचा, हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं.

आणि तिथंच तर घोडं अडलं होतं. करार संपत आला होता. मुदत वाढवायची का, हे पंधरवड्यात कळवायचं होतं. साताऱ्यात एक नोकरी तयार होती. प्रफुलनं एक शब्द काढला असता तर तिनं डोळे मिटून 'राहते' म्हणून कळवलं असतं. पण हा बाबा बिया, बेअरिंग, पाखरं, सगळ्यांवर बोलायचा, तेवढं एक सोडून.

पाचव्या रविवारी बोर धरणाच्या भिंतीवर दोघं उभी होती. पाण्यात पलीकडचं सगळं जंगल उलटं उतरलं होतं.  प्रफुल कठड्यावरची माती नखानं खरवडत म्हणाला, "आकांक्षा... तू मले भेटशीन का?"

"भेटेन की!" ती हसली. "त्यात काय विचारायचं?"

"खरंच?" त्याचा चेहरा असा उजळला, की तिला नवल वाटलं. "मंग... घरी सांगू?"

"सांग की."

"पुढच्या रविवारी आमच्या वावरात आवळीभोजन हाये. येजो. नक्की येजो!"

म्हणजे आजही नाहीच बोलला, असं म्हणत ती खोलीवर आली. आठवडाभर वाट बघून शनिवारी तिनं मुदतवाढीला नकाराचं पत्र लिहिलं. सोमवारी नेऊन द्यायचं ठरवलं.

रविवारी हिंगणीच्या वावरात, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, आवळीखाली सतरंज्या पसरल्या होत्या. गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीचा वास बांधभर सुटला होता. पण माणसं... एवढी माणसं कशाला? बायका नव्या लुगड्यांत, पुरुष इस्त्रीच्या कपड्यांत, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावर.

"ये व माय, बस," प्रफुलची आई हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढे आली. ताटात नारळ, हिरवं खणाचं कापड, तांदूळ.

"वहिनी, इकडं बसा, सावलीत," त्याची बहीण काजल म्हणाली.

"कोण वहिनी?"

"बाप्पा! तुम्हीच तं हो म्हटलं! दादानं इचारलं ना, भेटशीन का म्हून?"

"अगं, भेटायचंच विचारलं होतं त्यानं! भेटतोच की आम्ही दर रविवारी!"

काजलनं तोंडावर हात ठेवला. "आमच्याकडं भाजीही भेटते, नोकरीही भेटते अन् बायकोही भेटते. तुमच्याकडं जे मिळते ना, ते!"

रोडगे उलटणारा प्रफुलचा हात थांबला. त्याचा चेहरा पार उतरला होता. तो जवळ आला.

"माह्या बोलण्यातच चुकलं," तो हळूच म्हणाला. "तू राग नको धरू. मी सांगतो सगळ्याइले. तू जेवून घे, मंग मी सोडून देतो तुले."

आणि तो खरंच आईकडे वळला.  एवढे दिवस ज्या शब्दाची आकांक्षा वाट बघत होती तो त्यानं कधीच उच्चारला होता, आणि तिनं तो हसण्यावारी नेला होता!

"थांब, प्रफुल." तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "मी उद्या दवाखान्यात नकार देऊन जाणार होते. का, माहितीये? तू काही बोलतच नाहीस म्हणून. रडले मी काल त्या पत्रावर."

"काऊन? मी तं..."

"मला आवडतोस तू. खूप. पहिल्या दिवसापासून." ती बोलून गेली, आणि मग एवढ्या माणसांचं भान येऊन कानापर्यंत लाल झाली.

 प्रफुलची आई ताट धरून तशीच उभी होती. पुढे यावं की मागे सरावं, तिला कळत नव्हतं. आकांक्षा सतरंजीवर बसली, तिनं ओढणीचा पदर दोन्ही हातांनी पुढे पसरला आणि म्हणाली, "आई, भरा ना ओटी."